मामा तलावाचा काठ: पिचिंग, नाली आणि लव्हाळा

प्रश्न थोडक्यात असा: गोंदिया जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, वस्तीला लागून साधारण सहा हेक्टरचा मामा तलाव (मालगुजारीच्या काळातला जुना सिंचन तलाव) आहे. नगरपंचायतीला सुशोभीकरणाचा निधी मिळालाय. आराखड्यात चारही बाजूंनी दगडी पिचिंग (उतारावर दगड बसवून केलेलं अस्तर), त्यावर पेव्हर ब्लॉकचा ट्रॅक, मध्ये कारंजं, काठाला लॉन आणि पाम आहेत. गावच्या तीन नाल्या तलावात येतात, त्यांना पाइप टाकून थेट आत सोडलंय. नगरसेविका असलेल्या ताईंनी विचारलंय की यात आपली स्थानिक झाडं कुठे बसवता येतील, पावसाच्या पाण्याचं काय करायचं, आणि "गवत ठेवलं तर डास-साप होतील" असं म्हणणाऱ्यांना काय उत्तर द्यायचं.

ताई, झाडांची नावं पुढे देतोच. पण झाडांपेक्षा मोठी गडबड आराखड्यातल्या निळ्या रेघेत आहे, म्हणून सुरुवात तिथून.

तलावाभोवती जी निळी रेघ मारून तिच्यावर पिचिंग दाखवलंय, ती सांडव्याच्या माथ्याची पातळी आहे. तलाव पूर्ण भरल्यावर पाणी जिथवर येतं ती जागा. तुमच्याकडे वर्षाला तेराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरचे काही आठवडे पाणी त्या रेघेला टेकतं. मग धानाला शेवटचं पाणी लागतं, तुडुम (तलावातून शेताला पाणी सोडायचं तोंड) उघडतं, पुढे ऊन आपलं काम करतं. मेअखेर तिसरा हिस्सा उरला तरी नशीब म्हणायचं. मामा तलावात वस्तीच्या किंवा शेताच्या बाजूचा उतार फार सपाट असतो, पन्नासाला एक धरा. पाणी दोन मीटर उतरलं की कडा शंभर मीटर आत सरकते. तुमच्या पिचिंगसमोर जानेवारीपासून जूनपर्यंत नुसता चिखल आणि भेगाळलेली माती दिसेल. मग पुढच्या वर्षी कुणीतरी म्हणेल, "भिंतीपाशी बारमाही पाणी दिसायला हवं," आणि पायथ्याशी पोकलेन लावेल. पायथा खणला की वरचं पिचिंग घसरतं. हे मी दोन गावांत डोळ्यांनी पाहिलंय.

ज्या कोहळी मंडळींनी गोंड राजांच्या काळात हे तलाव बांधले, त्यांनी फक्त खालच्या बाजूला मातीची पाळ घातली. बाकीच्या बाजूंनी जमीन हळूहळू पाण्यात उतरते, तशीच सोडली. पाणी उतरलं की त्या जमिनीवर गाळपेर व्हायची, गुरं चरायची, पाणी चढलं की तिथेच माशांची वीण व्हायची. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले आणि 'माजी मालगुजारी'चं 'मामा' झालं. आखणी मात्र तीच राहिली. तेव्हा तुमच्या तलावाचा काठ हा शंभर मीटर रुंदीचा पट्टा आहे असं धरून चला. पट्ट्याच्या कुठल्या भागात किती दिवस पाणी उभं राहतं, यावर पुढचं सगळं ठरतं.

हे मी शिकलो ते स्वतःचं हसं करून घेऊन. कामाला लागून चार-पाच वर्षं झाली असतील, नागपूरजवळच्या एका छोट्या तलावाचं काम मिळालं. हाताशी परदेशी मार्गदर्शिका होती. तिच्यातल्या सरोवरांचं पाणी वर्षभरात फूटभर वर-खाली होतं. त्यात दाखवल्याप्रमाणे मी काठाने तीन समांतर ओळी लावल्या: वर गवत, मध्ये कर्दळ, खाली पाणकणीस. पावसाळ्यात फोटो सुंदर आले. फेब्रुवारीत वरच्या दोन ओळी पाण्यापासून साठ मीटर लांब कोरड्या पडल्या आणि बकऱ्यांनी फस्त केल्या. खालचं पाणकणीस पाण्यामागोमाग आत सरकत गेलं आणि तीन वर्षांत अर्ध्या तलावावर पसरलं. शिवाय कर्दळ आपल्या अंगणात कितीही जुनी असली तरी ती मूळची अमेरिकेची, हेही मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

म्हणून आता कुठल्याही तलावावर मी आधी खुंट्या ठोकतो. बांबूच्या खुंट्या, त्यांना रंगाचा पट्टा. आज जिथे पाणी आहे तिथे एक ओळ, पुढच्या महिन्यात पाणी उतरेल तिथे दुसरी, असं मेपर्यंत. सोबत डम्पी लेव्हल (पातळी मोजायचं यंत्र) लावून प्रत्येक ओळ सांडव्याच्या माथ्यापेक्षा किती खाली आहे ते वहीत लिहायचं. आणि मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजातल्या दोन म्हाताऱ्या माणसांना बरोबर घेऊन एकदा पूर्ण फेरी मारायची. कुठे झरा आहे, मरळ कुठल्या गवतात अंडी घालतो, कुठल्या कोपऱ्यात गाळ भरत आलाय हे त्यांना पाठ असतं. सर्वेक्षणाच्या नकाशात यातलं काहीच नसतं.

आता पिचिंगबद्दल. मी पिचिंगच्या विरोधात नाही. पाळीच्या पाण्याकडच्या तोंडाला दगड हवाच. तिथे उतार उभा आहे, पाणी खोल आहे, वाऱ्याने लाटा आपटतात आणि मागे बांध्यांमध्ये लोकांचं धान उभं आहे. तिथलं जुनं पिचिंग ढासळलं असेल तर निधीतला पैसा खुशाल तिकडे लावा. तसंच नाल्या जिथे तलावात पडतात त्या तोंडाशी आणि घाटाच्या पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना दगड लागतो. बाकीच्या सपाट काठावर दगडाला काही कामच नाही. पावसाळी वारा नैर्ऋत्येकडून येतो, त्यामुळे ईशान्येकडचा काठ थोडा खात असेल. तिथे काथ्याचे लांब गुंडाळे बांबूच्या खुंट्यांनी दाबून बसवा आणि त्यांच्या आडोशाला लव्हाळा लावा. दोन-तीन वर्षांत काथ्या कुजून जातो, तोवर मुळांनी माती धरलेली असते.

पाळीवर नवी झाडं लावू नका. वनविभागाची रोपं फुकट मिळतात म्हणून शाळेची मुलं नेमकी पाळीवर वृक्षारोपण करतात. मोठ्या झाडाची मुळं मातीच्या धरणात वाट करतात, झाड मेलं की ती कुजतात आणि पोकळी उरते, तिच्यातून पाणी झिरपायला लागतं. हेच कारण उलटही लागू पडतं: पाळीवर आधीचे जुने वृक्ष असतील तर ते "धोकादायक" म्हणून तोडूही नका. जिवंत मुळापेक्षा कुजलेलं मूळ जास्त घातक. नव्याने लावायचंच असेल तर पाळीवर गवत, फक्त गवत.

आता पाण्याचं. हा भाग तुमच्या आराखड्यात एका ओळीत आटोपलाय, आणि खरं काम इथेच आहे.

तुम्ही लिहिलंय की तीन नाल्यांमधून साधारण चौदा हेक्टर वस्तीचं पाणी तलावात येतं. दहा मिलिमीटर पाऊस पडला तर चौदा हेक्टरवर चौदाशे घनमीटर पाणी पडतं. छपरं, सिमेंटचे रस्ते, मधली थोडी माती मिळून त्यातलं साठ टक्के वाहून येतं असं धरलं तर ८४० घनमीटर, म्हणजे आठ लाख चाळीस हजार लिटर. हे पहिलं पाणी सगळ्यात घाण असतं. आठ महिने रस्त्यावर साचलेलं शेण, तेल, राख, प्लॅस्टिक, सगळं त्यात. जूनमधल्या पहिल्या जोरदार सरीला नालीच्या तोंडाशी उभं राहून बाटलीत पाणी भरा, पंधरा मिनिटांनी दुसरी बाटली, तासाभराने तिसरी. तीन बाटल्या नगरपंचायतीच्या बैठकीत टेबलावर ठेवल्या तर माझ्या या उत्तराची गरज उरणार नाही.

म्हणून प्रत्येक नालीच्या तोंडाशी, पूर्ण पातळीच्या बाहेर, एक गाळकुंड हवं. तिघांची मिळून जागा या पहिल्या पाण्याच्या दहा ते पंधरा टक्के पुरते, म्हणजे शंभर-सव्वाशे घनमीटर. एकच मोठी नाली असती तर बारा मीटर लांब, आठ मीटर रुंद, सव्वा मीटर खोल असा खड्डा पुरला असता. तुमच्याकडे तो तिघांत वाटा. तळाला दगड किंवा काँक्रीट टाका, कारण ते दरवर्षी एप्रिल-मेमध्ये जेसीबीने उपसायचंय आणि मातीच्या तळावर जेसीबी रुततो. जेसीबी उतरायला रॅम्प ठेवा. रॅम्प नसलेलं गाळकुंड दुसऱ्या वर्षी भरतं आणि तिसऱ्या वर्षी त्यावर बेशरम (चिवट झुडपी तण) उगवते. कुंडाच्या आधी लोखंडी गजांची तिरपी जाळी लावा, दोन गजांत दोन इंच अंतर. उभी जाळी लगेच चोंदते. तिरप्या जाळीवर कचरा वर सरकतो आणि फावड्याने ओढता येतो.

कुंडातून निघालेलं पाणी गवती चरातून न्यायचं. हा चर म्हणजे उथळ, रुंद पाट: तळ तीन मीटर, बाजूंचे उतार तीनाला एक, लांबी जितकी मिळेल तितकी, किमान तीस-चाळीस मीटर. अशा चरात अर्धा फूट खोलीचं पाणी संथ वाहिलं तर सेकंदाला शंभर-सव्वाशे लिटर जातं. आता उलट हिशेब करा. तासाला साठ मिलिमीटरच्या वेगाने पाऊस कोसळला तर त्याच चौदा हेक्टरवरून सेकंदाला चौदाशे लिटर येईल. तीन चर मिळूनही त्याच्या चौथ्या हिश्श्याएवढंच पेलतील, बाकीचं पाणी गवत उपटून नेईल. त्यामुळे कुंडाच्या तोंडाशी एक बुटका आडवा ओटा बांधायचा. लहान पाणी ओट्यामागून चराकडे वळेल, मोठं पाणी ओट्यावरून सरळ तलावात जाईल. मोठ्या सरीचं पाणी तोवर बरंच निवळलेलं असतं, ते थेट गेलं तर बिघडत नाही. हा ओटा विसरून बांधलेले चर पहिल्याच श्रावणात वाहून गेलेले मी पाहिलेत, त्यातला एक माझाच होता.

नालीत बारा महिने वाहणारं सांडपाणी मात्र वेगळी गोष्ट आहे. त्या वस्तीत अडीच हजार माणसं असतील आणि माणशी ऐंशी लिटर धरलं, तर रोज दोन लाख लिटर. "वनस्पती लावल्या की पाणी आपोआप शुद्ध होतं" असं तुम्हाला सादरीकरणात सांगतील. होतं, पण जागा लागते. खडीच्या थरात वनस्पती लावून सांडपाणी निवळायचं तर माणशी किमान एक चौरस मीटर धरावा लागतो, म्हणजे पाव हेक्टरच्या वर, आणि शौचालयांच्या टाक्यांचं पाणीही नालीत येत असेल तर त्याच्या दुप्पट. तेवढी सरकारी जागा तलावाखाली किंवा बाजूला असेल तर करा. नसेल तर सांडपाणी वेगळ्या पाइपने तलावाला वळसा घालून खाली नेऊन तिथे त्याची व्यवस्था करा. काठावरच्या लव्हाळ्याच्या भरवशावर ते तलावात सोडू नका. शेवाळाच्या कोरड्या वजनात फॉस्फरस जेमतेम एक टक्का असतो. साबण-शेणातून एक किलो फॉस्फरस आत गेला की शंभर किलो कोरडं शेवाळ उभं राहू शकतं. ओलं किती, ते तुम्हीच बघा. काठावर कितीही सुंदर लागवड केली तरी हा हिशेब बदलत नाही.

वस्तीच्या आत जे मुरवता येईल ते सगळ्यात स्वस्त पडतं. शाळेचं मैदान, बाजाराचं पटांगण, देवळाचा परिसर इथे शोषखड्डे घ्या. छपराचं पाणी विहिरीत सोडा. यावर जास्त लिहीत नाही, हे तुमच्या अभियंत्यांना येतं.

सांडव्याबद्दल मात्र लिहितोच. २३ सप्टेंबर २०२३ ला नागपुरात पहाटेच्या काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीच्या काठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. तुमच्या आराखड्यात ट्रॅक सांडव्यावरून जातो आणि तिथे दोन पाइप दाखवलेत. दोन पाइप म्हणजे रुंद सांडव्याचा गळा आवळणं. एका रात्रीत ते झुडपा-प्लॅस्टिकने बुजतील आणि पाणी पाळीवरून जाईल. ट्रॅक तिथे तोडा. लोक उलटे फिरून येतील, व्यायामच होतोय.

बरं, आता झाडं. खुंट्यांच्या ओळींप्रमाणे वरून खाली येऊ.

पूर्ण पातळीच्या बाहेर, जिथे पाणी येत नाही पण मुळं ओलीपर्यंत पोचतात, तिथे अर्जुन, जांभूळ, करंज, उंबर, कळंब. अर्जुन पाण्याच्या सगळ्यात जवळ. वर्षातून महिनाभर बुंधा पाण्यात राहिला तरी त्याला चालतं. मध्ये शिंदी आणि निर्गुडी. एक बेट बांबूचं, पण गाळकुंडाजवळ नको, पानं पडून जाळी चोंदते. झाडांची सलग भिंत करू नका. बगळे-कांडेसर दुरून उतरतात, त्यांना मोकळी वाट लागते, आणि बायका-माणसांनाही तलाव दिसायला हवा. आराखड्यातले ते पाम काढाच. सावली नाही, फळ नाही, घरटं नाही.

रेघेपासून अर्धा मीटर खालीपर्यंतचा भाग वर्षातून एक-दोन महिने बुडतो, एरवी गुरं आणि पोरं तुडवतात. इथे लॉन टिकणार नाही. हरळी आणि जलपिंपळी टिकते. जलपिंपळी जमिनीला चिकटून पसरते, बुडली तरी जगते, तुडवली तरी जगते, आणि तिच्या बारीक फुलांवर फुलपाखरं येतात. लॉनसाठी ठेवलेल्या पैशांच्या दहाव्या हिश्श्यात हे होईल. ओलसर खळग्यांत ब्राह्मी आणि माका आपसूक येतील, त्यांना तण समजून काढू नका. उतार थोडा तीव्र असेल आणि माती खचत असेल तिथे वाळा लावा, समपातळीत दाट ओळी, दोन रोपांत वीतभर अंतर. वाळ्याची मुळं सरळ खाली जातात, बाजूला पसरून त्रास देत नाहीत. बचतगट लगेच विचारतील की कूलरच्या टट्ट्यांसाठी मुळं विकता येतील का. येतील, पण काठावरची नाहीत. मुळं काढायला माती उकरावी लागते. विक्रीसाठी वेगळा वाफा करा.

त्याखालचा, अर्ध्यापासून सव्वा मीटरपर्यंत खोलीचा पट्टा हा सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यांत जास्त दुर्लक्षित. इथे चार-सहा महिने पाणी असतं. लव्हाळ्याच्या दोन-तीन जाती, देवधान म्हणजे आपला रानभात, काटेरी तालिमखाना, पाण्यावर पसरणारी नाळीची भाजी. एक प्रकारचा लव्हाळा जमिनीत छोटे गोड कंद धरतो, ते सारस चोचीने उकरून खातो. राज्यात सारस जवळपास तुमच्याच जिल्ह्यात आणि आजूबाजूला उरलाय, त्यामुळे हा लव्हाळा असलेला एखादा कोपरा वस्तीपासून लांब, ट्रॅकपासून लांब, तसाच ठेवा. लागवड सगळीकडे करायची गरज नाही. एक-एक फुटावर गड्डे लावून पाच-सात मीटरचे तुकडे करा, पट्ट्याचा चौथा हिस्सा झाकला तरी बाकीचं दोन पावसाळ्यांत तो स्वतः भरतो.

पाणकणीस आणि नळ (पाण्याकाठचं उंच, पोकळ दांड्याचं गवत) या दोघांना फक्त गाळकुंडाच्या पुढच्या तोंडाशी जागा द्या, दगडांनी कोंडून. तिथे ते उत्तम काम करतात. उघड्या उथळ तलावात सोडले तर काय होतं ते वर सांगितलंच. आणि दरवर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरात, ती हिरवी असतानाच, कापून बाहेर न्या. तोवर पाणकोंबड्यांची वीण संपलेली असते. वाळून तिथेच पडली तर शोषलेलं सगळं खत परत पाण्यात.

जिथे बारमाही पाणी राहतं तिथे कमळ एका कोपऱ्यात, कुमुदिनी थोडी, आणि पाण्याखाली वाढणारी गवतं. ही पाण्याखालची गवतं कुणाच्या आराखड्यात नसतात, कारण ती दिसत नाहीत. पण माशांची पिलं त्यांच्यातच लपतात आणि पाणी निवळ राहतं ते त्यांच्यामुळे. अर्जुनी मोरगाव भागात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर समाजाला, विशेषतः बायांना, बरोबर घेऊन हेच केलंय: आधी बेशरम उपटली, उन्हाळ्यात तलावाचा कोरडा तळ नांगरला आणि पावसाच्या तोंडावर स्थानिक पाणवनस्पती लावल्या. तुमच्यापासून फार लांब नाही. आराखडा बनवणाऱ्या सल्लागाराला घेऊन एक दिवस जाऊन या, आणि बोलणं त्या बायांशी करा.

बेशरम कापून उपयोग नाही. कापलेला प्रत्येक तुकडा ओल्या मातीत रुजतो, नाव उगाच पडलेलं नाही. पाणी उतरल्यावर मुळासकट खणायची, पाळीपलीकडे कोरड्या जागी ढीग करून पूर्ण वाळवायची. दोन वर्षं पाठोपाठ पुन्हा फिरून नवे कोंब उपटायचे. जलपर्णी असेल तर तिचंही तेच, पण सांडपाणी थांबल्याशिवाय जलपर्णी काढणं म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणं.

आणि एक गोष्ट जी जवळजवळ सगळे विसरतात: मासे. मत्स्य सहकारी संस्था गवत्या मासा सोडत असेल तर तुमची पाण्याखालची लागवड एका हंगामात त्याच्या पोटात जाईल. संस्थेशी आधी बसून बोला. त्यांचं उत्पन्न बुडवून लागवड करायची नाही. किमान पहिली तीन वर्षं गवत्या न सोडता रोहू-कटला सोडा आणि मरळ, वाम अशा गावठी माशांना जागा द्या, यावर बहुतेक संस्था तयार होतात. गावठी माशाला बाजारात भाव जास्त आहे हे त्यांनाही माहीत असतं.

रोपं आणायची कुठून? रोपवाटिकेत वाळा मिळेल, ब्राह्मी मिळेल, झाडं मिळतील. लव्हाळा, देवधान, जलपिंपळी मिळणार नाहीत. वीस-पंचवीस किलोमीटरच्या आतल्या चांगल्या तलावातून थोडेथोडे गड्डे आणा, एकाच जागेवरून ओरबाडू नका, आणि मुळं धुऊन घ्या. चिखलासोबत जलपर्णीचं एक रोप आलं तरी पुरतं. गावात एखादी पडीक बोडी (छोटं तळं) असेल तर यंदाच्या पावसाळ्यात तिथे हे वाढवा, पुढच्या वर्षी तलावासाठी घरचीच रोपं. लावायची वेळही पट्ट्याप्रमाणे बदलते. वरचा पट्टा जूनअखेरच्या पावसात, म्हणजे पाणी चढायच्या आत मुळं धरतात. मधला लव्हाळ्याचा पट्टा पाणी उतरू लागल्यावर, ओल्या चिखलात, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. ठेकेदार सगळं एकाच दिवशी पाच जुलैला लावतो, आणि ऑगस्टमध्ये अर्धं बुडून मरतं.

डासांचं उत्तर. डास होतात ते तुंबलेल्या नालीत, टायरमध्ये, पिचिंगच्या दगडांमधल्या डबक्यांत. लव्हाळ्यात मासे आणि चतुराच्या अळ्या असतात, त्या डासांच्या अळ्या खातात. धोका फक्त एका ठिकाणी आहे, तो म्हणजे तुमचं गाळकुंड; पाऊस थांबल्यावर दोन-तीन दिवसांत ते रिकामं व्हावं असं तळाशी छोटं छिद्र ठेवा. आणि पाणी उतरताना काठावर सुटे खड्डे राहणार नाहीत असं सपाटीकरण करा. सापांबद्दल खरं बोला: दिवड असणारच, तो बिनविषारी आहे. ट्रॅकच्या दोन्ही बाजूंना मीटरभर गवत आखूड ठेवा म्हणजे चालणाऱ्याला पायाखालचं दिसेल.

कायद्याचा मुद्दा बैठकीत निघेल. पाणथळ जागांच्या २०१७ च्या नियमांत नियम लागू झाल्याच्या तारखेपासून मोजलेल्या मागच्या दहा वर्षांतल्या सरासरी उच्च पूरपातळीपासून ५० मीटरच्या आत, बोटीचा धक्का वगळता, कायमस्वरूपी बांधकामाला मनाई आहे. सिंचनासाठी बांधलेले तलाव त्या व्याख्येतून वगळलेत, म्हणून सल्लागार म्हणेल की आपल्याला काही लागू नाही. पण मुंबईचा पवई तलावही माणसांनी बांधलेलाच आहे, १८९१ चा, आणि त्याच्या काठचा सायकल ट्रॅक मे २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवून काढायला लावला. तुमच्या तलावाचं नाव पाणथळ जागांच्या यादीत आहे का, ते जिल्हाधिकारी कार्यालयातून लेखी घ्या. शंभर हेक्टरच्या आतल्या सिंचनाचे तलाव जिल्हा परिषदेकडे असतात, त्यामुळे लघुसिंचनाची परवानगीही लागेल. नगरपंचायतीचा ठराव पुरेसा नाही.

ट्रॅक मुरमाचा करा, पूर्ण पातळीच्या बाहेरून, झाडांच्या सावलीतून. पाण्याजवळ तो दोनच ठिकाणी आणा. दिवे बुटके, तोंड जमिनीकडे. कारंज्याचा पंप मेमध्ये चिखल ओढून जळेल, आणि वीजबिल कोण भरणार हे अजून कुणी विचारलेलं दिसत नाही. घाट मात्र चांगला बांधा. कपडे धुणं, गणपती, कार्तिकातली दीपदानं हे सगळं तलावावर होतच राहणार. कपड्यांसाठी घाटामागे ओटा आणि नळ देऊन ते साबणाचं पाणी सांडपाण्याच्या पाइपला जोडा, विसर्जनाला वेगळं कुंड. गुरांना उतरायला एक वाट राखा, नाहीतर ती तुमच्या वाळ्यातून वाट काढतील.

शेवटचं, तुम्ही न विचारलेलं. निधी ३१ मार्चच्या आत खर्च करायचा दबाव असणार, आणि जानेवारी ते मार्च हा झाडं लावायचा काळ नाही. तेव्हा यंदाच्या पैशात पाळीची दुरुस्ती, तीन गाळकुंडं, ओटे, चराची खोदाई, घाट आणि मुरमाचा ट्रॅक घ्या. ही सगळी ठेकेदाराला आवडणारी कामं आहेत, मोजमाप पुस्तकात नीट बसतात, बिलं निघतात. वनस्पतींची रक्कम वेगळ्या टप्प्यात ठेवा, जूनपासून पुढे, आणि त्यात तीन वर्षांची देखभाल लिहून घ्या. ती देखभाल ठेकेदाराऐवजी बचतगट आणि मत्स्य संस्थेला देता आली तर फारच बरं. कुठला कोंब बेशरमचा आणि कुठला नाळीच्या भाजीचा हे त्यांना ओळखू येतं.

खुंट्या मात्र या रविवारीच ठोका. पाणी उतरायला लागलंय, हा महिना गेला तर ती ओळ पुढच्या वर्षीच मिळेल.